जावयाचा ट्रक आणि माझे कान

यंदा धोंड्याच्या महिन्यात जावई आला तो हातात ट्रक घेऊन. बायको ओवाळायला दारात ताट घेऊन उभी होती. त्याचे दोन्ही हात गुंतलेले, ट्रक खाली ठेवायला जागा नाही. शेवटी तिनं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि बोटाला उरलेलं ट्रकच्या टपाला पुसलं. माझी मुलगी मागून हसत होती. मला वाटलं होतं जावयाच्या हातात मिठाईचा डबा असेल.

ट्रक म्हणजे हातभर लांबीचा, जाडजूड काळ्या चाकांचा, रिमोटवर पळणारा. पण बॅटरीवर चालणारं खेळणं नव्हतं ते. आत खरंखुरं इंजिन होतं, आगपेटीपेक्षा थोडं मोठं. नायट्रो म्हणतात त्या तेलावर चालणारं. पुण्यात कोणाकडून तरी त्यानं तो वापरलेला घेतला होता आणि घेतल्यापासून तो बंदच होता. चालू करायची दोरी ओढली की ती सैल हातात येई. आतलं मोठं गियर दाते झिजून बोडकं झालं होतं. पुढचा एक पाय, म्हणजे चाक धरणारा दांडा, वाकला होता.

"मामाजी, पुण्यात याले हात लावायले कोणी तयार नाही," जावई म्हणाला. तो दिग्रसकडचा. नोकरीला पुण्यात असला तरी घरात पाय टाकला की आपली बोली बोलतो. "मी म्हटलं, घरचाच एवढा मोठा मिस्त्री आहे, तर कायले दुसऱ्याकडे जायचं?"

कोणताही सासरा हे ऐकून फुगला असता. मीही हसलो, "करून टाकू ना, जवाईबापू" असं म्हणालो आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

पाणी का मारलं, ते सांगतो. बोरी अरबला माझं दुकान आहे. फवारणीचे पंप, मोपेड, विहिरीवरची तेलाची इंजिनं, जे येईल ते. मी काही शिकलेला मिस्त्री नाही, माझं सगळं शिक्षण कानानं झालं. शेतकऱ्यानं दुकानाबाहेर पंप चालू केला की मी आतूनच, हातातलं काम न सोडता सांगायचो की याचं तेल जास्त जातंय, याचा प्लग मेलाय, याच्या बेअरिंगचे दिवस भरले. लोक मला आवाजाचा मिस्त्री म्हणत. दारव्ह्यापासून माणसं येत, ती या एका गोष्टीसाठी.

आणि गेल्या काही काळापासून तो आवाज माझ्यापासून दूर चालला होता. सगळा नाही. एसटीचा हॉर्न ऐकू येई, गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू येई, तेलाच्या इंजिनाची धडधड तर छातीतच येते. पण बारीक, धारदार असं जे काही असतं ते हळूहळू नाहीसं होत होतं. कुकरची शिट्टी मला दिसायची, ऐकू यायची नाही. मोबाइल वाजला की दुसरे सांगत. मुलगी फोनवर बोलली की निम्मं कळे आणि निम्मं मी अंदाजानं भरून काढी.

मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. दुकानात युक्त्या करत होतो. पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला, की थरथर कळते. ही जुनी पद्धत, सगळेच मिस्त्री करतात, त्यामुळे संशय येत नाही. धूर बघायचा. हात लावून ताप बघायचा. आणि गिऱ्हाइकालाच आधी विचारायचं, तुले काय वाटते. लोकांना वाटे, म्हातारपणी मिस्त्री विचारून काम करायला लागला, चांगलं आहे.

पण पावसाळा तोंडावर आला होता. एकदा पेरण्या झाल्या आणि पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारे सुरू झाले की दुकानापुढे पंपांची रांग लागते. त्या गर्दीत हाडाला पेचकस लावत बसायला वेळ नसतो. एखाद्या आठवडी बाजारात कोणी एकानं सहज म्हटलं की मिस्त्रीले आता ऐकू येत नाही, तर संपलं. स्टँडजवळ दुसरी दुकानं आहेतच. कामाशिवाय मी काय आहे, याचा विचार मी कधी केला नव्हता आणि आता तोच डोक्यात फिरत होता.

अशा वेळी जावयानं मला, नेमकं मला, हे चिमुकलं इंजिन आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात कडुलिंबाखाली पोतं अंथरलं आणि ट्रक उघडायला घेतला. जावयासाठी खुर्ची आणि खुर्चीवर उशी. धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा मान. त्यानं एक पाना उचलला तर बायको आतून ओरडली, "अवो, त्याइचे हात काळे होऊन राह्यले ना!" म्हणजे मला ओरडली, त्याला कशी ओरडणार. त्या बिचाऱ्यानं पाना खाली ठेवला. तो माणूस दिवसभर हात मांडीवर ठेवून बसला, चहा प्यायला, अनारसे खाल्ले आणि माझ्या हातांकडे बघत राहिला. त्याच्या बोटांना किती खाज सुटली असेल ते मला दिसत होतं.

तो मला तोंडानं सांगत होता. पण सासऱ्याशी बोलायचं म्हणून अगदी हळू, मान खाली घालून. मला त्यातलं अर्धंही लागत नव्हतं. मी "हो हो" म्हणत होतो. मध्येच "बरोबर" म्हणायचो. मला घाम फुटायचा आणि उन्हाळ्यामुळे तो कोणाला वेगळा वाटायचा नाही.

पहिली फजिती लगेच झाली. मी सवयीनं प्लग काढला, इंजिनाच्या अंगाला टेकवला आणि दोरी ओढून ठिणगी बघायला लागलो. ठिणगी येईना. "प्लग मेला," मी जाहीर केलं. जावई खुर्चीतून अर्धा उठला. या इंजिनात ठिणगी नसतेच म्हणे. प्लगमध्ये एक बारीक तार असते, तिला छोट्या सेलनं तापवायचं, ती लाल झाली की इंजिन पेटतं आणि मग आपल्याच उष्णतेनं पेटतं राहतं. मी सेल लावून बघितलं. तार निखाऱ्यासारखी लाल झाली. मला खूप आवडलं ते. थोडा वेळ मी कान विसरलो.

तेलाचा डबाही त्यानं आणला होता. गुलाबी रंग, अगदी गुलाबाच्या सरबतासारखा. आत मिथेनॉल असतं, पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो, असं मुलीनं सांगितल्यावर बायकोनं तो डबा घरातून काढून दुकानातल्या कुलपाच्या कपाटात ठेवायला लावला आणि किल्ली कमरेला खोचली. दर वेळी तेल लागलं की तिच्याकडे किल्ली मागायची. मी चिडलो. नंतर वाटलं, बरोबर आहे तिचं, पण तसं तिला म्हटलं नाही.

कामात मात्र मी बुडालो. दोरीच्या आतली स्प्रिंग तुटली होती. फवारणी पंपाचीही तशीच असते, फक्त मोठी. जुन्या पंपातली काढली, कापली, टोक तापवून वाकवलं आणि बसवली. बोडक्या गियरच्या जागी जावयानं आधीच मागवून सोबत आणलेलं पोलादी गियर चढवलं. वाकलेल्या पायाच्या जागी त्यानंच आणलेला नवा लावला. पोटाखालची प्लॅस्टिकची पट्टी दगडांनी खरवडली होती, म्हणून बायकोच्या फुटक्या पातेल्याचं जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, झाकण कापून तिथं पत्रा ठोकला. शॉकअपमध्ये मोटारसायकलचं जाड तेल भरलं, म्हणजे उडी मारली तरी पोट आपटणार नाही. आमच्याकडची काळ्या मातीची धूळ पिठासारखी, ती आत गेली तर इंजिन एका दिवसात खाऊन टाकेल. म्हणून हवेच्या गाळणीला फोमचे दोन थर दिले, तेलात भिजवले आणि वरून माझ्या बनियनचा तुकडा बांधला. स्क्रू थरथरून सुटू नयेत म्हणून प्रत्येकाच्या आट्यावर मुलीच्या नेलपॉलिशचा एक थेंब. ती म्हणाली, "बाबा, महागाचं आहे ते." मी म्हटलं, "मग तर पक्का बसंन."

संध्याकाळी ट्रक पोतं सोडून लाकडी चौकीवर बसला तेव्हा मला स्वतःचाच अभिमान वाटला. पण तो थोडाच वेळ टिकला, कारण आता सुई लावायची होती. इंजिनात तेल किती जावं ते एका सुईनं ठरतं. सुई आवळली की तेल कमी, सोडली की जास्त. तेल जास्त असलं तर इंजिन जड आवाजात घोगरतं. कमी झालं तर आवाज चिरकतो, इंजिन तापतं आणि अडकतं. थोडक्यात, कानाचं काम.

बाजाराच्या मैदानात गेलो. बाजाराचा दिवस नव्हता, ओटे रिकामे होते, एक-दोन गायी बसल्या होत्या. मुलगी आणि बायको लांब ओट्यावर बसल्या. जावयानं रिमोट घेतला. तो घ्यायला मीच लावलं, कारण रिमोटनं हात काळे होत नाहीत. मी सेल लावला आणि दोरी ओढली. दोन-तीन वेळा काही नाही. मग एकदम धरलं.

ऐकू आलं. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चांगली घरघर ऐकू आली, स्वच्छ. मला वाटलं, मी उगाच भीत होतो, कानांना काही झालेलं नाही, मन चिंती ते वैरी न चिंती असं झालं. जावयानं ट्रक सोडला आणि तो निळसर धुराची रेघ ओढत मैदानाच्या पार टोकाला गेला.

तिकडे गेल्यावर आवाज जड वाटला. दबलेला, अंगात दम नसल्यासारखा. तेल जास्त जातंय. शिवाय धूरही निघत होता आणि आमच्या धंद्यात धूर म्हणजे दोष. पंप धूर टाकायला लागला की शेतकरी तो परत आणून आपटतो. मी ट्रक बोलावला, बारीक पेचकसानं सुई थोडी आवळली.

"आता कसा वाटते, जवाईबापू?"

"तुम्ही म्हणाल तसं, मामाजी."

पुन्हा सोडला. धूर कमी झाला, पण आवाज मला अजून जडच. पुन्हा आवळली, पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, तुम्ही म्हणाल तसं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. गिऱ्हाइकाच्या तोंडावरून इंजिन ओळखायची मला आता सवय झाली होती. पण हा माणूस खाली बघत होता. त्याचे खांदे मात्र वर ओढले गेले होते. ओट्यावर मुलीनं कानांवर हात ठेवले होते. मला वाटलं, वारा असेल, धूळ असेल.

तिसऱ्यांदा आवळल्यावर धूर पूर्ण गेला. मी खूश झालो. ट्रक मैदानाच्या कडेनं सुसाट पळाला, वळला आणि मला फक्त खालची मंद घरघर ऐकू येत होती, आंब्यावरच्या माशीसारखी. अजून थोडी आवळावी लागेल, मी मनात म्हटलं आणि पेचकस खिशातून काढला. मग जावई धावत सुटला. का धावतोय ते मला कळेना. ट्रक लांब उभा होता. बायको उठली, मुलगी उठली, गायीसुद्धा उठल्या होत्या. मी एकटाच पेचकस घेऊन उभा होतो, ट्रक परत यायची वाट बघत.

इंजिन अडकलं होतं. मी इंजिनाच्या डोक्याला बोट लावलं आणि चटका बसून फोड आला. दोरी तसूभर हलेना.

"माझीच चूक झाली, मामाजी," जावई धापा टाकत म्हणाला. "मीच लय पळवला."

मी पेचकस परत खिशात घातला. तो खोटं बोलत होता हे मला ठाऊक होतं आणि खरं काय ते मला विचारवत नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला पुरणाचे धोंडे होते, तुपात बुडवलेले. जावयाला आग्रह चालला होता. मी दोन घास खाल्ले आणि कशावरून तरी बायकोवर खेकसलो. मीठ कमी का, असं काहीतरी. पुरणाच्या धोंड्यात मीठ कोण शोधतं? ती माझ्याकडे बघत राहिली, उलटून बोलली नाही. तिनं उलटून बोलायला हवं होतं. ती गप्प राहिली याचीच मला जास्त भीती वाटली.

सकाळी मी एकट्यानंच इंजिन उघडलं. जावई आला आणि खुर्चीवर न बसता माझ्यासमोर मातीत उकिडवा बसला. पिस्टनवर उभे ओरखडे उठले होते, आतली नळी खरवडून निघाली होती. ते बघितल्यावर काहीच बोलायची गरज नव्हती. तेल कमी पडलं, कोरडं पळालं, तापून अडकलं. पंप असता तर मी त्या शेतकऱ्याला शिव्या घातल्या असत्या.

"जवाईबापू, खरं सांगा," मी म्हटलं. "काल आवाज कसा येत होता?"

तो पिस्टन हातात फिरवत राहिला. त्याची बोटं काळी झाली आणि घरातून कोणी ओरडलं नाही.

"चिरकत होता," तो म्हणाला. या वेळी मोठ्यानं बोलला. "लय चिरकत होता. कान फाटत होते. धुराची रेघ राह्यलीच पाह्यजे, तेलातच वंगण असते, हे मी तुमाले काल सकाळीच सांगतलं होतं. तुमी हो म्हटलं."

"मंग मैदानात बोलले काहून नाही?"

"तुमी सासरे. वरून एवढे जुने मिस्त्री. मले वाटलं तुमी मुद्दाम ओढून पाहून राह्यले. तुमाले आवळू नका म्हणून मी कसं सांगू?"

म्हणजे असं झालं होतं. तो मानापोटी बोलला नाही आणि मी भीतीपोटी विचारलं ते अर्धवट. मी त्याच्या गप्प बसण्याला होकार धरलं, त्यानं माझ्या आवळण्याला कसब धरलं. दोघांनी मिळून एक धडधाकट इंजिन जाळलं, एकमेकांचा मान राखत.

"मले ऐकू नाही आलं," मी म्हटलं.

वाक्य तोंडातून निघून गेलं. इतके दिवस दाबून ठेवलेलं ते असं, जावयासमोर, ज्याच्यापुढे मान ताठ ठेवायची त्याच्यासमोर निघावं! मी त्याच्याकडे बघितलं नाही. "बारीक आवाज येतच नाही मले. पंपाचाही येत नाही आता."

बायको दारात उभी होती. "मले माहीत हाय," ती म्हणाली.

कधीपासून, असं मी विचारलं तर म्हणाली, तुमच्याआधीपासून. मग मला एकेक गोष्ट समजायला लागली. दुकान घराला लागूनच आहे. गिऱ्हाईक आलं की ही हातातलं पीठ तसंच ठेवून बाहेर यायची, त्याच्याशी बोलायची आणि आत वळताना मला मोठ्यानं सांगायची, "याइच्या पंपाले पळताना शिट्टी येते म्हणतात." मला तिची ही लुडबुड अजिबात आवडायची नाही. एकदा चारचौघांत तिला म्हटलं होतं, तुले काय समजते यातलं. ती तरी येतच राहिली. माझं दुकान कानावर चालत होतं हे खरं, फक्त ते कान माझे नव्हते. मला लाज वाटली आणि रागही आला, तिचा, स्वतःचा, कोणाचा ते सांगता येणार नाही.

जावई मात्र रडारड न करता मोबाइल काढून पिस्टन आणि नळी मागवायला बसला. तेवढ्यासाठी त्याला मी कायमचा जावई मानला.

पार्सल येईपर्यंत मुलीनं आणि जावयानं सुट्टी वाढवली. आल्यावर इंजिन आम्ही दोघांनी जोडलं. खुर्ची रिकामी राहिली, उशी मांजरानं घेतली. त्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले आणि बायकोनं एकदाच म्हटलं, "लोकं काय म्हणतील." मग तिनंच साबणाची वडी आणून ठेवली. या पिस्टनला रिंगा नसतात, तो नळीत वरच्या टोकाला इतका घट्ट बसतो की हलकेच बसवावा लागतो. आता पुन्हा काही बिघडलं तर जावई काय म्हणेल याची भीती नव्हती. तो काहीच म्हणणार नाही, याची होती.

नवीन इंजिनाला आधी भरपूर तेल देऊन, हळूहळू, धूर काढत फिरवायचं असतं. ते केलं. मग सुई लावायची वेळ आली आणि मी पेचकस जावयाकडे दिला. त्यानं घेतला नाही.

मुलगी पुढे आली. "बाबा, हात तुमचा, कान माझे," ती म्हणाली. ती माझ्या मागे उभी राहिली आणि तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाज चढला की ती बोटांनी दाबणार आणि चिरकायला लागण्याआधी हात काढून घेणार, असं ठरलं.

लहानपणी ती दुकानात आली की मी तिला हाकलायचो. पोरीच्या जातीचं इथं काय काम, केस चाकात अडकतील, आईकडे जा. आता तिच्या बोटांवर माझी सुई फिरत होती. ट्रक गेला, आला, मी चिमूटभर आवळलं. बोटं दाबली. पुन्हा गेला, पुन्हा आवळलं. बोटं आणखी दाबली. मग हात उचलला गेला आणि मी जागच्या जागी थांबलो. सुई केसभर मागे घेतली. पाण्याचा एक थेंब इंजिनाच्या डोक्यावर टाकला, तो उडाला नाही, सावकाश चुरचुरत वाळला. तापही बरोबर होता.

जावयानं ट्रक मोकळा सोडला. तो बाजाराचं मैदान ओलांडून उतारावर गेला, बांधावरून उडाला, पोटाचा जर्मनचा पत्रा उन्हात चमकला आणि पुन्हा जमिनीवर येऊन पळत सुटला. मागे धुराची पातळ निळी रेघ राहिली होती. रस्त्यानं जाणारी माणसं थांबली. "वा मिस्त्री," कोणीतरी म्हणालं. सगळ्यांची तोंडं उजळली होती. काय ऐकताय रे तुम्ही, असं मला त्यांना विचारावंसं वाटलं. मला ती घरघरच ऐकू येत होती.

घरी येताना मुलीनं पुन्हा माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. "पुण्याले जायच्या आधी यवतमाळले चलायचं," ती म्हणाली. "कान तपासायले." मी नाही म्हणायला तोंड उघडलं. जावई म्हणाला, "मामाजी, आता मी गप बसणार नाही." हसून म्हणाला, पण घरी पोचल्यावर मी मुकाट्यानं यवतमाळला घालायचे कपडे काढून ठेवले.

यवतमाळच्या दवाखान्यात एक काचेची खोली होती. आत खुर्ची, कानांवर चढवायचं जाडजूड यंत्र आणि हातात धरायला एक बटण. आवाज आला की दाबायचं, एवढंच. काचेपलीकडे तपासणारी बाई बसली होती आणि तिचा हात मला दिसत होता. मिस्त्रीचे डोळे. ती कधी कळ दाबते ते मला बरोबर दिसणार होतं आणि मी मनात म्हटलं, ही तर सोपी परीक्षा आहे. माझ्या मुलीनं काचेबाहेरून मला बघितलं. ती त्या बाईच्या कानाशी काहीतरी बोलली आणि बाईनं आत येऊन माझी खुर्ची भिंतीकडे फिरवली.

भिंतीला बारीक भोकं होती. पहिला आवाज आला तो जाड, लांबच्या विहिरीवरच्या इंजिनासारखा. मी झटकन दाबलं. दुसराही आला, थोडा वर. दाबलं. तिसरा अगदी हलका होता, पण पकडला. मला हुरूप आला. एवढं काही बिघडलेलं नाही, मी उगाच घाबरलो, असं पुन्हा वाटायला लागलं.

मग ती बाई थांबली. मी अंगठा बटणावर ठेवून वाट बघत बसलो. भिंतीवरची भोकं बघत बसलो. बराच वेळ गेला. मला वाटलं, फोन आला असेल, चहा आला असेल. मग दुसऱ्या कानात पुन्हा जाड आवाज सुरू झाले, मी भराभर दाबले आणि ती पुन्हा तशीच थांबली. या वेळी मला जरा रागच आला. माणसाला कोंडून ठेवायचं आणि आपण निघून जायचं, ही काय पद्धत झाली?

दार उघडलं. "झालं, काका," बाई म्हणाली.

मी यंत्र काढलं. "मधात दोनदा कायले थांबल्या होत्या तुमी?" मी विचारलं. "लाइट गेलती का?"

ती माझ्याकडे न बघता मुलीकडे बघायला लागली.

"नाही काका," ती म्हणाली. "मी एकदाही थांबले नाही."

मुलीनं पुढे होऊन माझ्या हातातलं बटण काढून घेतलं.